पत्रात ताईचं एकही वाक्य नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

वय २९. नवी मुंबईतल्या एका गावठाणात राहणारे हे वाचक कबड्डीपटू. बचावात डावा कोपरा सांभाळायचे. दोन हंगाम व्यावसायिक लीगमध्ये खेळले, खेळाडूंच्या कोट्यातून एका कंपनीत नोकरीही लागली. तीन वर्षांपूर्वी हंगामाआधीच्या तपासणीत रक्तदाब १८०/११० निघाला आणि लघवीतून प्रथिनं जात असल्याचं कळलं. सहा महिन्यांत दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. मग ११ महिने डायलिसिस, आणि शेवटी मोठ्या बहिणीची किडनी. शस्त्रक्रियेला आता १९ महिने झाले, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, १.२ वर टिकून आहे. कंपनीने त्यांना कार्यालयात टेबलावर बसवलं आहे.

जानेवारीत गावच्या मंडळाची स्पर्धा आहे. अंतिम सामन्याआधी प्रदर्शनीय सामन्यात पाच मिनिटं तरी उतर, असा मंडळाचा आग्रह आहे. घरी न सांगता ते पहाटे मैदानावर सराव करू लागले आहेत. ते लिहितात : "सगळे म्हणतात, जिवंत आहेस ना, मग झालं. ताईची किडनी पोटात घेऊन रडणं मला शोभत नाही. आणि तीच घेऊन मैदानात उतरलो तर तिच्या उपकारावर लाथ मारल्यासारखं होईल. मग मी करायचं काय?" सहीच्या जागी नाव नाही, 'डावा कोपरा' एवढंच आहे.

उत्तर

प्रिय डावा कोपरा,

माझा धाकटा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा ठाण्याहून वाशीला जाताना गाडीत, आणि मग घरी येऊन हातात पेन्सिल घेऊन. 'ताई' हा शब्द मोजला, चौदा वेळा आलाय. मंडळाचा अध्यक्ष काय म्हणाला ते तू लिहिलंस. साहेब काय म्हणाले, आई काय म्हणाली, डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असायचे ते काका काय म्हणायचे, तेही लिहिलंस. ताई काय म्हणाली, ते मात्र चार पानांत कुठेच नाही. तिच्या वतीने तूच बोलतोयस. 'उपकार' हा शब्द तुझा, 'लाथ' हाही तुझाच.

त्याकडे परत येते. आधी ते 'जिवंत आहेस ना'.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब, हात वाचला." अण्णा मान डोलवायचे. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, आणि 'हात वाचला' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पखवाजाचं नाव काढलं नाही. एकादशीला मंडळी बोलवायला आली, की अण्णा पाठ दुखते म्हणून आत जाऊन पडायचे. आईला वाटायचं, यांची विठ्ठलावरची श्रद्धाच उडाली. कुणीतरी सुचवलं, टाळ तरी धरा. अण्णा म्हणाले, "पखवाजाची तहान टाळानं भागत नाही." मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला ते हट्टी वाटले होते.

'नशीब' म्हणणारी माणसं वाईट नव्हती. तुझ्या आजूबाजूची माणसंही वाईट नाहीत. त्यांनी तुला ११ महिने बघितलंय, आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास मशीनला जोडलेला. सुजलेला चेहरा, मोजून मापून प्यायलेलं पाणी. त्या चित्रासमोर आजचं १.२ क्रिएटिनिन म्हणजे त्यांना दिवाळी वाटते, आणि ती आहेच. फक्त त्यांनी तुझी तुलना आजारी असलेल्या तुझ्याशी केली. तू स्वतःची तुलना करतोस ती लाल मॅटवर उभ्या असलेल्या तुझ्याशी. दोघांचंही गणित बरोबर आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

तू एक वाक्य लिहिलंस : "चढाईपटूचं वजन कुठल्या पायावर आहे, ते मला डोळ्यांआधी हाताला कळायचं." अकराव्या वर्षापासून मातीत उतरल्यावर हाताला आलेलं हे शहाणपण आहे. ते आजही हातात आहे आणि त्याला काम उरलेलं नाही. एवढं गेल्यावर माणूस रडेल नाही तर काय करेल? घरात कुणी गेलं तर आपण तेरा दिवस तरी रडायला देतो. तुझा खेळ गेला तेव्हा तू खाटेवर होतास, पोटाला नळी होती, आणि सगळे पेढे वाटत होते.

आता ताई.

भारतात अवयवदानाचा कायदा १९९४ सालचा आहे. बहीण ही त्या कायद्याने जवळची नातेवाईक. पण सख्खी बहीण आहे म्हणून कुणी सरळ टेबलावर घेत नाही. स्वतःच्या मर्जीने देते आहे का, दबाव आहे का, पैशाचा व्यवहार आहे का, धोके समजले आहेत का, हे तपासावं लागतं. देणारी स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती स्वतंत्रपणे पडताळावी, असं २०१४ च्या नियमांत वेगळं सांगितलं आहे. कारण उघड आहे. आपल्याकडे भावाला, नवऱ्याला, मुलाला देणाऱ्या बायकाच फार, आणि त्यांना 'नाही' म्हणायची मुभा कमी. तुझ्या ताईलाही कुणीतरी बसवून विचारलं असेल : का देतेस? तिने काहीतरी उत्तर दिलं असेल. तेव्हा तू बहुधा मशीनवर होतास. ते उत्तर तुला माहीत नाही, तू ते तिला कधी विचारलेलंही दिसत नाही. आणि त्या न ऐकलेल्या उत्तरावर तू १९ महिने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहेस.

कदाचित ती म्हणाली असेल, "तो परत खेळावा म्हणून." कदाचित म्हणाली असेल, "आईचे हाल बघवत नाहीत." कदाचित ती आता तुझ्यावर चिडलेलीही असेल, आणि तुझ्या कबड्डीशी त्याचा काही संबंधही नसेल. उपकार म्हटला की फेडावा लागतो, आणि किडनी तर फेडता येत नाही, म्हणून तू 'दुःखी दिसायचं नाही' हा हप्ता सुरू केलास. तिने तो मागितला होता का, ते आधी विचार.

सामन्याबद्दल माझं मत सरळ सांगते. जानेवारीत उतरू नकोस. पाच मिनिटंही नाही. पण त्याचं कारण म्हणून ताईचं नाव पुढे करू नकोस. ती किडनी आता तुझ्या अंगातली आहे, तुझ्या रक्तावर चालते, जपायची आहे ती तुझी म्हणून.

आपल्या मूळ किडन्या पाठीच्या बाजूला, फासळ्यांच्या आडोशाला असतात. नवी किडनी तिथे बसवत नाहीत. ती खाली, ओटीपोटात पुढच्या अंगाला, बहुतेक वेळा उजवीकडे जांघेच्या वर बसवतात. तिच्यापुढे हाड नाही. कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेप घेतो तेव्हा सुटायला धडपडणाऱ्या चढाईपटूचा गुडघा कुठे लागतो, हे मी तुला सांगायला नको. सगळे जपून खेळतील, असा मंडळाने शब्द दिलाय म्हणतोस. हॅलोजनच्या उजेडात गावभर माणसं ओरडत असताना बावीस वर्षांचा पोरगा, समोर लीग खेळलेला गडी, जपून चढाई करेल? तू बावीसचा असताना केली असतीस?

आणि मार एकीकडे, मातीचं वेगळंच. कोपर-गुडघे सोलवटणं हा तुम्हा लोकांचा दागिना. पण नवी किडनी टिकावी म्हणून घ्यायच्या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. दुसऱ्याला हळद लावून बरं होईल असं खरचटणं तुला दवाखान्यात नेऊ शकतं. दुखलं की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, ही खेळाडूंची सवयही तुला आता परवडणारी नाही. ती औषधं थेट किडनीवर जातात.

तू अलोन्झो मॉर्निंगचं उदाहरण दिलंस. दिलंस ते खरं आहे. त्या अमेरिकन बास्केटबॉलपटूला २००३ च्या डिसेंबरमध्ये नात्यातल्या भावाची किडनी बसवली, आणि २००६ मध्ये मायामी हीट या संघाबरोबर तो तिथल्या व्यावसायिक लीगचा विजेता ठरला. त्याच्याही आधी त्याच लीगमधला शॉन एलियट : १९९९ मध्ये विजेतेपद, त्याच उन्हाळ्यात भावाची किडनी, २००० च्या मार्चमध्ये पुन्हा मैदानात. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लास्निच, त्याला २००७ मध्ये आधी आईची किडनी बसवली, ती शरीराने स्वीकारली नाही. मग वडिलांची बसवली. पुढच्या वर्षी युरो स्पर्धेत त्याने गोल मारला. म्हणजे 'कुणालाच शक्य नाही' असं तुला सांगणारा माणूस चुकतोय.

पण त्यांच्यामागे संघाचा डॉक्टर होता, खेळायला परवानगी देणारे तज्ज्ञ होते, काहींच्या अंगावर खास कवच होतं. तू पहाटे चोरून सराव करतोस. तुलना इथेच संपते.

शिवाय तू जोना लोमूचं नाव घेतलं नाहीस. न्यूझीलंडचा रग्बीपटू, कबड्डीला जवळचा अंगाला अंग भिडणारा खेळ. २००४ मध्ये त्याला किडनी मिळाली, तो व्यावसायिक रग्बीत परतलाही, पण देशाची काळी जर्सी पुन्हा त्याच्या अंगावर चढली नाही. २०११ मध्ये ती किडनी बंद पडली, २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी तो गेला. रग्बीने किडनी गेली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. एवढंच म्हणते, की यादी करायची तर सगळ्यांची करावी.

त्या यादीत मला स्वतःला अमेरिकेचा धावपटू एरिस मेरिट जवळचा वाटतो. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम त्याने २०१२ साली केला. २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं तेव्हा त्याच्या किडन्या २० टक्क्यांहून कमी काम करत होत्या. चार दिवसांनी त्याला किडनी बसवली, तीही बहिणीची. पुढच्या वर्षी त्याचं ऑलिम्पिक ०.०१ सेकंदाने हुकलं. तो परत धावू शकला, कारण धावताना आपली पट्टी आपल्यापुरती असते, कुणाचा गुडघा पोटात येत नाही.

आणि मॉर्निंगचं शेवटी काय झालं माहीत आहे? २००७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा गेला आणि खेळ तिथेच थांबला. नवी किडनी ठणठणीत होती. तू लिहिलंस, आजाराने तुझी 'सगळी' कारकीर्द नेली. कोपऱ्यातल्या गड्याचे गुडघे किती वर्षं टिकतात, तुझ्याच संघातले पस्तिशीतले किती जण मॅटवर आहेत, मोज. आजाराने तुझी पाच-सहा वर्षं नेली. ती भरून येणार नाहीत. पण जन्मभर खेळणं तुझ्या हातात कधीच नव्हतं. वाचून राग येईल, येऊ दे.

खरं सांगू का, सरावापेक्षा मला काळजी वाटली ती पत्राच्या तिसऱ्या पानावरच्या एका ओळीची. दिवाळीनंतर शेजारच्या गावात सामने बघायला गेला होतास. आठ वाजता खिशातला अलार्म वाजला, तेव्हा करो या मरो चढाई, म्हणजे गुण आणावाच लागतो ती, चालू होती. तू तो बंद केलास आणि गोळी घेतलीस सव्वादहाला. हे तू सहज लिहून गेलास. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी बारा-बारा तासांनी घ्यायची असते ती रक्तातली तिची पातळी स्थिर राहावी म्हणून. एकदा उशीर झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण 'आज थोडं इकडे-तिकडे' असं करता करता शरीर परक्या अवयवावर उलटतं, आणि बऱ्याचदा दुखत-खुपत काहीच नसतं, कळतं ते रिपोर्टमध्ये. दोन डोस कायम जवळ ठेव. फोन आणि घड्याळ दोन्हीवर अलार्म लाव. आणि सामने बघायला जाताना गोळीची वेळ कुणा एका मित्राला सांगून ठेव, तोंडात कोंबेल असा मित्र. हो, आणि ग्रेपफ्रूट किंवा आपलं पपनस खाऊ नकोस, त्याने या औषधाची रक्तातली पातळी वाढते.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाशील तेव्हा सरावाचं सांग. ओरडतील, ऐकून घे. मग विचार : माझा मूळ आजार कोणता होता आणि तो नव्या किडनीत परत येऊ शकतो का? (तू पत्रात आजाराचं नाव लिहिलं नाहीस. काही आजार परत येतात, म्हणून ते नाव तुला पाठ हवं.) किती धावू, किती वजन उचलू, पोहू का, घाम किती गेला तर पाणी किती प्यावं, हेही विचार. संघटनेच्या कुठल्याही स्पर्धेत पुढेमागे उतरायचा विचार असेल तर गोळ्यांची यादी घेऊन बस. त्यातलं प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे, आणि स्पर्धेच्या काळात पोटातून घेतलेलं स्टेरॉइड उत्तेजक चाचणीच्या निषिद्ध यादीत येतं. उपचारासाठीची सूट आधी मिळवावी लागते. नोकरीचं म्हणशील, तर खेळाडू कोट्यातली नोकरी खेळ थांबल्यावर कायम आहे का आणि औषधांचा खर्च कशात बसतो, हे साहेबांच्या तोंडी आश्वासनावर सोडू नकोस, कागदावर घे.

आता 'कोच हो' म्हणणारे. ते तुला भेटले असतीलच, रोज भेटत असतील. पंचांची परीक्षा आहे, एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम आहे, वाटा चांगल्या आहेत. पण या वर्षी नको, असं मला वाटतं. रेषेबाहेर उभं राहून दुसऱ्या पोराने चुकीच्या क्षणी घोट्यावर झेप घेतलेली बघणं तुला आत्ता झेपणार नाही. पोरांवर ओरडशील, घरी येऊन न जेवता झोपशील. दोन वर्षांनी बघ. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धाही असतात, १९७८ पासून. धावणं, पोहणं, बॅडमिंटन, आणि किडनी देणाऱ्यांसाठीही त्यात शर्यती आहेत. ताईला सांगून बघ, हसेल तरी. कबड्डी तिथे नाही. पखवाज आणि टाळ, मला कळतंय.

ताईकडे रविवारी जा. 'खेळू का' असं विचारू नकोस, त्याने पुन्हा सगळं ओझं तिच्यावर. विचार, "तेव्हा त्यांनी तुला बसवून विचारलं, तू काय सांगितलंस?" आणि मग गप्प बस. दुसरं विचार, "तुझी शेवटची तपासणी कधी झाली?" किडनी घेणाऱ्याच्या फायली जाड होत जातात आणि देणारी घरच्या कामाला लागते. तिचा रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन वर्षातून एकदा बघायलाच हवं. डोकं दुखलं की ती कुठली गोळी घेते, तेही बघ. बायकोला सरावाचं त्याआधी सांग. तिला दुसऱ्याकडून कळलं तर निस्तरणं अवघड जाईल.

हे सदर वाचणाऱ्या इतर खेळाडूंसाठी, आणि त्यांच्या आयांसाठी : लघवीला सतत फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पंचविशीत वाढलेला रक्तदाब, यातलं काही असेल तर 'प्रोटीन पावडर जास्त झाली असेल' म्हणून सोडू नका. लघवीची साधी तपासणी करून घ्या. सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन आणि वजनात बसायला पाणी तोडून रेनकोट घालून धावणं, दोन्ही एकत्र करणारी पोरं मी ऐकून आहे. किडनीला यापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही.

राहिलं मंडळ. माझा एक अंदाज आहे, चुकला तर सांग. तुला पाच मिनिटांचा खेळ नकोच आहे. तुझा शेवटचा सामना झाला तेव्हा तो शेवटचा आहे हे तुला माहीत नव्हतं. मॅट सोडताना मागे वळून बघितलं नाहीस. चार पानांत 'मी निवृत्त झालो' असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस, 'थांबलोय' लिहिलंस. तर मंडळाला सांग, उतरत नाही, पण निरोप द्या. अंतिम सामन्याआधी माइकवरून नाव पुकारा, मी एकदा डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहीन आणि रेषेबाहेर येईन. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर नारळ ताईच्या हातात द्या, अर्थात तिला चालणार असेल तर, तेही विचारून घे.

आणि कार्यक्रम साडेसातला ठेवायला सांग. आठला गोळी आहे.